वारशाची वर्गणी आणि वारसदार

ऐतिहासिक वास्तू पाहण्यासाठी वर्षाची वर्गणी भरणे परवडते काय, हा प्रश्न वरवर पाहता घरखर्चाच्या वहीतला आहे. ब्रिटनमध्ये लाखो कुटुंबे तो दरवर्षी सोडवितात. तेथील ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेचे सभासद पन्नास लाखांहून अधिक आहेत. एवढी सभासदसंख्या त्या देशातील एकाही राजकीय पक्षापाशी नाही. एका प्रौढ व्यक्तीची वार्षिक वर्गणी नव्वद ते शंभर पौंडांच्या घरात, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर जाते. ज्या गोष्टीसाठी इतके लोक इतका पैसा स्वखुशीने मोजतात, तिचे मोल काय आणि ते अखेर कोणाच्या पदरात पडते, हे पाहणे समाजवादी कार्यकर्त्याच्या दृष्टीने निरर्थक नाही. भारतात किल्ले, लेणी आणि राजवाडे यांच्या देखभालीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न ऐरणीवर आलेला असताना तर मुळीच नाही.

आधी घरखर्चाचाच हिशेब मांडावा. ट्रस्टच्या ताब्यातील एखादी मोठी हवेली व तिची बाग पाहावयाची तर प्रौढ माणसास साधारणतः पंधरा ते वीस पौंड मोजावे लागतात. म्हणजे पाच-सहा भेटींत वर्गणी वसूल होते. वाहनतळाचे शुल्क सभासदास बहुतेक ठिकाणी माफ असते, आणि मुलेबाळे असलेल्या कुटुंबास संपूर्ण कुटुंबाचे सभासदत्व त्या मानाने स्वस्त पडते. तेव्हा वर्षातून सहा वेळा जाणाऱ्यास वर्गणी परवडते आणि दोनदा जाणाऱ्यास परवडत नाही, असे सरळ उत्तर निघते. शिवाय एकदा ठोक रक्कम भरली की पुढची प्रत्येक भेट फुकट पडते. मग माणूस वाडा पाहावयास न जाता नुसता बागेत तासभर फिरावयास जातो, चहा घेतो आणि परततो. ट्रस्टच्या उपाहारगृहाला गिऱ्हाईक मिळते आणि सभासदाला आपला पैसा वाया गेला नाही याचे समाधान लाभते. जे वर्गणी भरूनही फिरकत नाहीत, त्यांच्या पैशावर वरचेवर जाणाऱ्यांची सोय होते, हेही या व्यवहाराचे एक अंग होय.

परंतु वर्षातून सहा वेळा कोण जाऊ शकतो? येथे घरखर्चाची वही मिटते आणि समाजाची वही उघडते. एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनमधील प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरविण्यात आले. त्या दराने वर्गणीची रक्कम म्हणजे एका दिवसाची मजुरी. गरिबाला वर्गणी परवडत नाही एवढेच म्हणून थांबणे हे अर्धसत्य ठरेल. खरे अडथळे रकमेच्या पलीकडचे आहेत. ट्रस्टच्या पुष्कळशा हवेल्या खेड्यापाड्यांत, रेल्वे स्थानकापासून दूर आहेत. रविवारी तेथे बस पोचेलच याची शाश्वती नसते. मोटार नसलेल्या माणसाला प्रवेश फुकट मिळून काय उपयोग? ज्याला शनिवार-रविवारी दुकानात, रुग्णालयात किंवा गोदामात पाळी करावी लागते, त्याच्यापाशी सहा मोकळे दिवस कोठून येणार? वर्गणी वसूल करण्यासाठी पैशाइतकीच मोटार लागते आणि मोटारीपेक्षाही फुरसत लागते. म्हणूनच या वर्गणीचा परतावा प्रत्येक वर्गाला सारखा मिळत नाही.

दुसरी बाब अधिक दुर्लक्षित आहे. ब्रिटनमधील करनियमांनुसार धर्मादाय संस्थेला करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी तिजोरीतून २५ पेन्स परत मिळविता येतात, आणि अशी वर्गणीही या सवलतीस पात्र ठरते. नव्वद पौंडांच्या वर्गणीवर तिजोरीतून साडेबावीस पौंड येतात. ही रक्कम सभासदाने भरलेल्या प्राप्तिकरातून वळती होते असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. तथापि तिजोरीत तेवढा खड्डा पडतो आणि तो सर्वांच्या करांतून भरून निघतो. आयुष्यात एकदाही त्या हवेलीची पायरी न चढलेला मोलकरी किंवा बसचालकसुद्धा अशा रीतीने तिच्या छपराच्या दुरुस्तीला हातभार लावीत असतो. तेव्हा वर्गणी ही निव्वळ खासगी खरेदी आहे, तिच्यात इतरांनी डोकावण्याचे कारण नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. जेथे सार्वजनिक पैसा आहे तेथे सार्वजनिक हक्काचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न संस्थेच्या जन्मापासूनच तिच्या पोटात आहे. ट्रस्टची स्थापना १८९५ साली झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल या लंडनमधील गरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचलेल्या बाई. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या कष्टकऱ्यांना मोकळी हवा आणि हिरवी जमीन मिळावी, ही त्यांची तळमळ होती. ट्रस्टची पहिली मिळकत म्हणजे वेल्समधील दिनास ओलेउ या टेकडीवरील जेमतेम पाच एकरांचा तुकडा. पहिली इमारत १८९६ साली अवघ्या दहा पौंडांना घेतलेले आल्फ्रिस्टन येथील पाद्र्यांचे जुने घर. १९०७च्या कायद्याने अशा मिळकती अविक्रेय ठरविण्याचा अधिकार ट्रस्टला मिळाला. एकदा तशी घोषणा झालेली जमीन पार्लमेंटच्या संमतीवाचून विकता येत नाही. जमीन बाजारातून कायमची बाहेर काढण्याची ही युक्ती भांडवलशाहीच्या माहेरघरातच निघावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे प्रवाह वळला. वारसाकर वाढले, सरदारांना आपले वाडे झेपेनासे झाले, आणि १९३०च्या दशकात असे वाडे ट्रस्टकडे सोपविण्याची योजना निघाली. वाडा ट्रस्टचा झाला, कर टळला, आणि पुष्कळ ठिकाणी जुने कुटुंब त्याच वाड्याच्या एका भागात नांदत राहिले. मजूर पक्षाचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी १९४६ साली युद्धातील शिल्लक मालाच्या विक्रीतून पाच कोटी पौंडांचा ‘राष्ट्रीय भूमी निधी’ उभारला. युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून निसर्गसुंदर जमीन आणि ऐतिहासिक वास्तू जनतेच्या मालकीच्या व्हाव्यात, हा त्यामागील हेतू होता. पण १९५७ साली हुजूर पक्षाच्या सरकारने त्यातील बहुतांश रक्कम काढून घेतली. राज्यसंस्थेने हात आखडला की ती जागा वर्गणी भरून काढते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा काही हजार असलेली सभासदसंख्या १९८१ साली दहा लाखांवर गेली, तिच्या मुळाशी हेही एक कारण होते. मोटार आणि वाढती सुबत्ता ही अर्थात दुसरी कारणे.

मग वर्गणी म्हणजे सुखवस्तूंची चैन म्हणून निकालात काढावयाची काय? तसे करणे घाईचे होईल. १९६५ साली ट्रस्टने समुद्रकिनारा वाचविण्याची मोहीम हाती घेतली आणि शेकडो मैलांचा किनारा बांधकामाच्या तडाख्यातून सोडविला. त्या किनाऱ्यावर चालावयास वर्गणी लागत नाही. डर्बीशरमधील किंडर स्काउट या माळावर १९३२च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडील तरुण कामगारांनी जमीनदारांची बंदी मोडून सामुदायिक पदयात्रा केली, आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. तोच माळ १९८२ साली ट्रस्टकडे आला आणि आज तेथे कोणीही मोकळेपणाने फिरू शकतो. सभासदाची वर्गणी येथे न भरणाऱ्यांसाठी खर्च होते. वर्गणीचे मोल मोजण्याची खरी कसोटी हीच होय. जी वर्गणी भरणाऱ्यापुरते दार उघडते तिची किंमत भेटी मोजून काढावी. जी वर्गणी न भरणाऱ्यासाठीही दार उघडे ठेवते तिची किंमत भेटींच्या मापाने निघत नाही. ट्रस्टची वर्गणी या दोन्ही जातींची आहे. माळावर आणि किनाऱ्यावर ती उत्तीर्ण होते, हवेलीच्या फाटकाशी अडखळते.

फाटक उघडता येतच नाही असेही नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत डिसेंबर २००१पासून सर्वांना कायमस्वरूपी दालनांसाठी विनामूल्य प्रवेश आहे. तेथे करातून खर्च भागतो आणि ज्यांना विशेष प्रदर्शने पाहावयाची आहेत ते सभासद होतात. लंडनच्या टॉवरसारखे राजवाडे सांभाळणारी संस्था सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना एका पौंडात प्रवेश देते. ‘इंग्लिश हेरिटेज’च्या ताब्यातील चारशेंहून अधिक स्थळांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी तिकीटच नाही. अर्थात ही बहुतेक आडरानातली पडकी अवशेषस्थळे आहेत, हेही सांगितले पाहिजे.

वर्गणीचे आणखी एक फळ तिकिटाच्या हिशेबात धरलेच जात नाही, आणि ते म्हणजे मत. ट्रस्टच्या सभासदाला वार्षिक सभेत ठराव मांडता येतो आणि नियामक मंडळाच्या काही जागांसाठी मतदान करता येते. ऑक्टोबर २०२१मध्ये सभासदांनी ट्रस्टच्या जमिनीवरील शिकारी कुत्र्यांच्या फेऱ्यांवर बंदी घालावी असा कौल दिला आणि पुढील महिन्यात ट्रस्टने असे परवाने देणे थांबविले. त्याआधी, सप्टेंबर २०२०मध्ये, ट्रस्टने आपल्या ९३ स्थळांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध उघडपणे नोंदविला, तेव्हा उजव्या गोटातून मोठे काहूर उठले. वेल्समधील पॉविस किल्ल्यात रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर लुटला गेलेला टिपू सुलतानाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील सोन्याचे व्याघ्रमुख त्यात आहे. या वस्तूंखाली कोणती पाटी लागावी, हे ठरविण्यात चहापेक्षा सभासदाच्या मताचे वजन अधिक आहे. पण हे मत वापरणारे सभासद एकंदर संख्येच्या मानाने फारच थोडे. बहुतेकांच्या लेखी ते सभासद नसून वार्षिक पासधारक आहेत.

आणि पासधारकाला जे दिसत नाही ते कामगाराला भोगावे लागते. २०२०च्या महासाथीत ट्रस्टने सुमारे तेराशे नोकऱ्या कमी केल्या, आणि जुलै २०२५मध्ये आणखी साडेपाचशे नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालविण्याचे जाहीर केले. हजारो स्वयंसेवक विनावेतन राबतात तेथे पगारी माळी आणि पहारेकरी यांची जागा नेहमीच डळमळीत राहते. वर्गणी वसूल झाली की नाही हे मोजणाऱ्याने हाही आकडा त्याच वहीत मांडावयास हवा.

या सगळ्याचा भारताशी संबंध केवळ टिपूच्या तंबूपुरता नाही. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा १९०४चा कायदा हिंदुस्थानात आणणारे लॉर्ड कर्झन यांनीच पुढे इंग्लंडमधील बोडियम आणि टॅटरशॉल हे दोन किल्ले मृत्युपत्राने ट्रस्टला दिले. भारतात मात्र स्मारकांची जबाबदारी राज्यसंस्थेकडे राहिली. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या साडेतीन हजारांहून अधिक स्मारकांपैकी फार थोड्या ठिकाणी तिकीट आहे. अजिंठा-वेरूळसारख्या पहिल्या श्रेणीच्या स्थळांचे भारतीय प्रेक्षकासाठीचे शुल्क २०१८ साली चाळीस रुपये करण्यात आले, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. त्याच वर्षी लाल किल्ल्यावरील सोयींची जबाबदारी पाच वर्षांसाठी पंचवीस कोटींच्या बोलीवर एका सिमेंट कंपनीकडे सोपविली गेली. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले आणि त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. आता वाहनतळ येतील, उपाहारगृहे येतील, आणि एखाद्या दिवशी वार्षिक पासाची कल्पनाही मांडली जाईल.

ती मांडली जाईल तेव्हा कार्यकर्त्यांनी तिला आंधळेपणाने विरोध करू नये आणि भुलूनही जाऊ नये. तीन प्रश्न विचारावेत. पास नसलेल्या शाळकरी मुलाला आणि शेतमजुराला गडावर जाता येईल काय, आणि पायथ्यापर्यंत एस.टी. पोचेल काय? गडावर राबणाऱ्या पहारेकऱ्याला, सफाई कामगाराला कायम नोकरी आणि पुरते वेतन मिळेल काय? आणि पायथ्याच्या गावाला, तसेच पैसे भरणाऱ्या नागरिकाला, कारभारात मत असेल काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर वर्गणी जरूर भरावी, वर्षातून एकदाही जाणे झाले नाही तरी. ती नकारार्थी असतील तर सहा काय, साठ भेटी देऊनही ती वर्गणी महागच पडेल. कारण तिच्यातून काही जणांचा प्रवेश विकत घेतला जाईल, आणि ज्यांच्या पूर्वजांनी ते दगड गडावर चढविले त्यांचे वंशज फाटकाबाहेर उभे राहतील.