पैनगंगेपलीकडे दोन दिवस

कापसाचे पैसे आले, की आमच्या आदिलाबादकडे त्यांना आधीच वाटा फुटलेल्या असतात. त्यामुळे "दोन दिवस नागपुरास जाऊन येऊ" असे आम्ही म्हणताच आमच्या सौ.नी विचारले, "कोण आजारी आहे?" शहर म्हणजे दवाखाना नाहीतर कचेरी!

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी लिहिलेल्या पत्रात पतिपत्नींनी एकमेकांस वेळ द्यावा असे सुचविले होते. फादरांनी ते वेदीवरून सांगितले, तेव्हा आम्ही मान डोलाविली होती, इतकेच.

शनिवारी पहाटेच्या बसने पैनगंगा ओलांडली. पांढरकवडा, हिंगणघाट करीत नागपूर गाठले आणि भोसले राजांच्या महाराजबागेत फिरलो. (आमचे निम्मे लक्ष शेजारच्या कृषी महाविद्यालयाच्या शेताकडे, हे कबूल केलेच पाहिजे.) मग बाकावर संत्री सोलीत बसलो. खत, फी, औषधपाणी सोडून बोलावयास विषयच सुचेना. आम्हांस लाज वाटली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पीक बुडाले त्या वर्षी फवारणीचा डबा मी महिनाभर कणगीमागे लपविला होता. तुम्ही रात्री उठलात, की मीही उठून बसत असे."

आम्हांस हे ठाऊक नव्हते.

रविवारी सदरच्या संत फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये पवित्र मिस्सा ऐकला. बाहेर येऊन तर्री-पोहे खाल्ले. तिखटाने दोघांच्याही डोळ्यांत पाणी. त्यांनी आणखी एक बशी मागविली.

परतताना पैनगंगेच्या पुलावर त्यांना डुलकी लागली होती. आम्ही जागे होतो.