‘फोर्थ ॲक्सिस’ म्हणजे काय? सॉफ्टवेअर प्रोग्राम देत असताना हिशेब कशाला शिकायचा?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप करताना पाहिलेला प्रसंग. व्हीएमसी मशिनवर रोटरी टेबल बसवलेलं. त्यात ६० बाय ६० मिमीचा चौरस बार. पहिली बाजू झाली, टूल वर गेलं, जॉब फिरला आणि ‘खट्ट’ आवाज आला. एंडमिल तुटली होती. प्रोग्राम कॅम सॉफ्टवेअरमधूनच आला होता. टूल किती वर उचलायचं, हा आकडा मात्र माणसाने भरला होता.

चूक कुठे झाली?

बारच्या मध्यापासून सपाट बाजू ३० मिमीवर होती. टूल ३५ मिमीवर थांबवलं होतं, म्हणजे ५ मिमी मोकळी जागा. पण बार फिरताना कोपरा वर येतो आणि तो मध्यापासून सुमारे ४२.४ मिमीवर असतो. दहावीतला पायथागोरस इथे विसरला गेला.

चौथा अक्ष म्हणजे काय?

साध्या व्हीएमसीला एक्स, वाय आणि झेड असे तीन अक्ष असतात. रोटरी टेबल जोडलं की चौथा मिळतो. तो एक्सभोवती फिरत असेल तर त्याला ‘ए’ म्हणतात, वायभोवती ‘बी’, झेडभोवती ‘सी’. पहिले तीन मिमीत चालतात, हा अंशांत. ‘जी९० जी० ए९०’ लिहिलं की टेबल ९० अंशांवर जातं. जॉब न सोडता एकाच सेटिंगमध्ये चारही बाजू होतात.

प्रोग्राम करताना काय पाहायचं?

झिरो : वाय आणि झेडचा झिरो फिरण्याच्या मध्यरेषेवर ठेवणं सोयीचं. वाय ०.१ मिमीने चुकला, तर ० आणि १८० अंशांवर कापलेल्या खाचा एकमेकींपासून ०.२ मिमी सरकतात.

फीड : फक्त ए अक्ष फिरत असेल तर फीड अंश प्रति मिनिट धरला जातो. ५० मिमी त्रिज्येवर १ अंश म्हणजे सुमारे ०.८७ मिमी, १० मिमी त्रिज्येवर फक्त ०.१७ मिमी. म्हणजे आकडा तोच, पण कापण्याचा वेग पाचपट वेगळा. यावर उपाय ‘जी९३’. त्यात एफ म्हणजे १ भागिले लागणारी मिनिटं. १५ सेकंदांच्या हालचालीला एफ४. कापणाऱ्या प्रत्येक ओळीत तो नव्याने द्यावा लागतो.

क्लॅम्प : एका कोनावर थांबून कापायचं असेल तर टेबल क्लॅम्प करा, फिरवण्याआधी सोडा. त्याचे एम कोड मशिनच्या मॅन्युअलमध्ये बघूनच लिहा.

‘कॅम आहे ना, मग कशाला?’

हा प्रश्न मला मित्रांनी अनेकदा विचारला आहे. गुंतागुंतीच्या वक्र पृष्ठभागासाठी कॅमच हवं, यात वाद नाही. पण आलेला प्रोग्राम बरोबर आहे का, हे मशिनसमोर उभ्या माणसालाच ओळखावं लागतं. ज्याला ओळखता येतं तो सेटर किंवा प्रोग्रामर होतो. ज्याला येत नाही तो वर्षानुवर्षं ‘सायकल स्टार्ट’ दाबत राहतो. पगारातला फरकही तिथूनच सुरू होतो.

आम्हाला कॉलेजात डिव्हायडिंग हेड शिकवलं होतं. २४ दातांच्या गिअरसाठी ४० भागिले २४, म्हणजे हँडलचे एक पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. तोंडी परीक्षा झाली आणि विषय संपला. तेच गणित ए अक्षावर ३६० भागिले २४, म्हणजे दर दाताला १५ अंश, हे कुणी जोडून दाखवलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आयटीआय आणि इंजिनीअरिंग कॉलेजांनी कॅम उघडण्याआधी चौरस बारचा एक प्रोग्राम विद्यार्थ्यांकडून हाताने लिहून घ्यावा. रोटरी टेबल नसलं तरी चालेल, वही-पेन पुरे. ४२.४ हा आकडा ज्याने स्वतः काढला, तो टूल ३५ वर थांबवणार नाही.