खाण तशी माती?

गृहभेटींच्या निमित्ताने घरोघरी जाताना दोन वाक्ये आमच्या कानी वारंवार पडतात. मूल हट्टी निघाले, अभ्यासात मागे पडले, की कोणीतरी म्हणते, "रक्तातच आहे ते!" रक्ताला दोष देणे सोयीचे नसेल, तर दुसरे वाक्य तयारच असते, "आईने वळणच लावले नाही!" एखाद्या निपुत्रिक दांपत्याने दत्तकाचा विषय काढला, तर वडीलधारी मंडळी पहिल्याच वाक्याची ढाल पुढे करतात, "कुणाचे रक्त, काय ठाऊक!" ही दोन्ही वाक्ये खोटी तर आहेतच, शिवाय ती निर्दय आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम रक्ताचा विचार करू. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचा अभ्यास केला. काही माद्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात खूप चाटतात, गोंजारतात, काही कमी. पहिल्या प्रकारच्या मातांची पिल्ले मोठेपणी शांत असतात, दुसऱ्यांची भेदरट. "खाण तशी माती" म्हणणाऱ्यांना हा पुरावाच वाटेल. परंतु 1999 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची अदलाबदल करण्यात आली. कमी चाटणाऱ्या मातेची पिल्ले प्रेमळ मातेच्या कुशीत वाढली आणि शांत निघाली. एवढेच नव्हे, तर त्यांतील माद्या पुढे स्वतःही प्रेमळ माता झाल्या. दत्तकाविषयी याहून बोलके उत्तर कोणते?

मग जनुकांना काहीच अर्थ नाही काय? आहे, निश्चित आहे. ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाला आवर घालण्यासाठी मेंदूत त्याचे ग्राहक-रेणू लागतात. ते घडविणारे जनुक दोन्ही प्रकारच्या पिल्लांत असतेच. परंतु ज्यांना माया कमी मिळाली, त्यांच्या या जनुकावर मेथिलच्या रासायनिक खुणा अधिक आढळल्या आणि त्याचे कार्य मंदावलेले दिसले. हे संशोधन 2004 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जनुक जन्मदात्यांचे, पण ते किती बोलते हे संगोपनावरही अवलंबून. कारल्याच्या बीला काकडी लागत नाही हे खरे. पण वाफ्याला पाणीच दिले नाही आणि वेल सुकला, तर दोष बियाण्याला देणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून रुमानियाकडे पाहावे. तेथील चाउशेस्कू राजवट 1989 साली कोसळली, तेव्हा हजारो मुले अनाथालयांत खितपत पडलेली जगाला दिसली. 2000 साली बुखारेस्टमध्ये अमेरिकन संशोधकांनी 136 बालकांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या बालकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून त्यांना पालककुटुंबांत ठेवण्यात आले. रक्ताची निवड कोणीच केली नव्हती. तरी साडेचार वर्षांच्या वयात या मुलांचा बुद्ध्यंक संस्थेतच राहिलेल्यांहून सरासरी सुमारे 8 गुणांनी अधिक भरला. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांना लाभ सर्वाधिक झाला. सर्वच उणीव भरून निघाली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ती उणीव रक्ताची नव्हती, उशिराची होती.

आता दुसरे वाक्य. सारे काही आईच्या मायेवर आहे, असा निष्कर्ष काढून कोणी सुनेकडे बोट दाखवील, तर त्याने पुढचेही ऐकावे. मॉन्ट्रियलच्याच संशोधनात, जी मादी एरवी पिल्लांना खूप गोंजारते, तिला गर्भारपणी ताण दिला असता तिचे गोंजारणे कमी झाले. मायेलाही निवारा लागतो. गरोदर सुनेला टोचून बोलणारी सासू, मद्य पिऊन घर डोक्यावर घेणारा नवरा आणि हे ऐकूनही दार लावून घेणारे शेजारी, हे सारे त्या बाळाच्या जडणघडणीत भागीदार आहेत. मग जाब एकट्या आईला का?

"रक्त" आणि "आई" हे दोन्ही शब्द आम्ही आजवर हात धुऊन मोकळे होण्यासाठी वापरीत आलो. वाचकहो, यापुढे कुणा दांपत्याने दत्तकाचा विषय काढला, तर रक्ताची चौकशी करू नका. पाळणा कुठे टांगायचा, ते विचारा. आणि घरात बाळंतीण असेल, तर उपदेश आवरून तिच्या हातचे काम आधी आपल्या हाती घ्या.