सर्व्हिस शेवटच्या पाच मिनिटांत नको

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, उपनगरातली संध्याकाळची बॅच साधारण सारखीच असते. एक कोर्ट, आठ मुली, बॉलची एक बास्केट आणि भाड्याचा एक तास. तास महाग, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला जास्तीत जास्त फटके यावेत अशी आपली धडपड असते. आधी फोरहँड, मग बॅकहँड, मग क्रॉसकोर्ट रॅली. पुढची बॅच दाराशी येऊन थांबली की आठवतं, सर्व्हिस राहिलीच. मग घाईघाईनं, ‘‘चला, दहा-दहा मारा आणि बॉल गोळा करा.’’ तोवर खांदे दमलेले असतात. त्या दहाही सर्व्हिस मुली जीव खाऊन, पहिली सर्व्हिस असल्यासारख्या मारतात. सेकंड सर्व्हचा सराव कुणाचाच होत नाही.

मी स्वतः कित्येक वर्षं बॅच अशीच चालवली. त्यातलं चुकतं काय, ते मला चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांशेजारी बसून कळलं. तिथे एल अँड टी मुंबई ओपन ही महिलांची डब्ल्यूटीए 125 दर्जाची स्पर्धा 2017 आणि 2018 मध्ये झाली, मग मोठ्या खंडानंतर 2024 आणि 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा झाली. अशी स्पर्धा पाहताना एकदा बॉलवरची नजर काढून फक्त रिटर्न करणारीचे पाय पाहावेत. समोरचीची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली की ती दोन पावलं पुढे सरकते, बेसलाइनच्या आत येते, आणि रॅकेट आधीच वळलेली असते. अंडर-14 मध्ये आपल्या मुली पॅनकेक ग्रिपनं जो बॉल नुसता बॉक्समध्ये ढकलतात, तो या पायरीवर परत येत नाही; थेट विनर होऊन जातो. अंडर-14 मध्ये तो खपतो, कारण समोरचीही तोच ढकलत असते. तीन वर्षं जिंकून देणारी ही सवय सोळाव्या वर्षी सोडवताना मुलीही रडकुंडीला येतात आणि आपणही.

2025 ची स्पर्धा आठवा. कोइम्बतूरची 15 वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून मुख्य ड्रॉमध्ये आली आणि थेट उपान्त्य फेरीपर्यंत गेली. वाटेत तिनं झरिना दियासला हरवलं. दियास एकेकाळी विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत खेळलेली. शेवटी मायाला थांबवलं ते जिल टाइशमाननं, त्या वर्षीच्या विजेतीनं. मायाचं वय वाचून आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला असेल. आपल्याकडे हेच वय दहावीच्या क्लासचं, आणि म्हणून बॅग माळ्यावर जाण्याचं.

पण मला जास्त बोलायचं आहे ते 2017 च्या विजेतीबद्दल. ती होती 19 वर्षांची आरिना सबालेन्का. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधलं 2022 चं वर्ष मात्र प्रशिक्षकांनी विसरू नये. तेव्हा ती जगातल्या अव्वल खेळाडूंत होती, आणि तिची सर्व्हिस कोसळली. ॲडलेडला एकाच सामन्यात वीसहून जास्त डबल फॉल्ट झाले, हताश होऊन तिनं अंडरआर्म सर्व्हिससुद्धा केली. पुढे तिनं बायोमेकॅनिक्सच्या जाणकाराची मदत घेतली, सर्व्हिसची हालचाल मुळापासून तपासून घेतली, आणि 2023 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. इतक्या उंचीवरच्या खेळाडूला पुन्हा टॉसपाशी यावं लागलं. आपल्या मुलींना तो टॉस आपण दिवसाला पाच मिनिटं देतो.

जागा नाही ही आपली तक्रार खरी आहे, पण सर्व्हिसला ती पुरती लागू पडत नाही. रॅलीला दोघींमागे एक कोर्ट लागतं. सर्व्हिस मात्र एका बेसलाइनवर चौघी, दुसरीवर चौघी अशा आठही जणी एका वेळी करू शकतात. वॉर्मअप झाल्याबरोबर, खांदे ताजे असताना, पंधरा मिनिटं द्या. त्यातली निम्मी फक्त सेकंड सर्व्हला, कॉन्टिनेंटल ग्रिपनं. बॉल नेटपासून चांगला हातभर वरून गेला पाहिजे एवढंच सांगा, वेगाचं नाव काढू नका. पहिला महिना वाईट जाईल. बॉल कुंपणापलीकडे जातील, मुली जुन्या मुलींकडून हरतील, आणि पालक विचारतील, ‘‘सर, आधी बरं होतं ना?’’ त्या महिन्यात पालकांना समजावणं हेही आपलंच काम आहे.

पावसाळ्यात कोर्ट निसरडं होऊन सराव बंद पडतो. तेव्हा टॉस सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो, कॉलमशेजारी उभं राहून. बॉल वर जाऊन त्याच रेषेत खाली आला की नाही, ते कॉलमच सांगतो.

स्पर्धा भरेल तेव्हा मुलींना फायनलऐवजी पात्रता फेरीला घेऊन जा. बोरिवली-अंधेरीहून चर्चगेट लोकल, घाटकोपर-मुलुंडहून सीएसएमटी आणि पुढे थोडी पायपीट. प्रत्येकीच्या हातात छोटी वही द्या आणि एका सामन्यात एवढंच टिपायला सांगा: सेकंड सर्व्हच्या वेळी रिटर्न करणारी बेसलाइनच्या आत होती की बाहेर, आणि तो पॉइंट कुणी घेतला. त्या वह्या आमच्याकडे पाठवा, आम्ही त्या छापू.