झोपेची गोळी एकदम सोडू नका

व्यसन म्हटले की आपल्या जिल्ह्यात दारू आणि खर्रा यांचीच नावे निघतात. दारूबंदीलाही १९९३ पासूनची वर्षे झाली. पण उशाखालच्या झोपेच्या गोळीला कुणी व्यसन म्हणत नाही. ती डॉक्टरांनीच दिलेली असते ना!

अल्प्राझोलम, लोराझेपाम, डायझेपाम या गोळ्या मुळात दोन-चार आठवड्यांपुरत्या. रोज घेतल्या की मेंदूला त्यांची सवय होते आणि त्यांच्याशिवाय डोळा लागत नाही. यात रुग्णाचा दोष कमी. गोळी सुरू करणाऱ्याने ती कधी थांबवायची तेही चिठ्ठीवर लिहायला हवे, आणि ते क्वचितच लिहिले जाते. अल्प्राझोलमसारखे औषध विकताना दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत नोंद ठेवावी असा नियम २०१४ पासून आहे. तरी जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणारे आपल्या ओळखीचे निघतातच.

सूरजागड, एटापल्लीकडच्या वाचकांनी पुढचे नीट वाचावे. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, रस्ता तुटतो आणि गोळ्यांची पट्टी संपते. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अशी अचानक बंद झाली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, भलतेच दिसू लागते. काहींना झटके येतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. घरच्यांना वाटते मिरगी, नाहीतर बाहेरची बाधा. पट्टी संपल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून पावसापूर्वीच डॉक्टरांना भेटा. झटका आलाच तर दवाखान्यात नेताना रिकामी पट्टी सोबत न्या.

सोडायची तर हळूहळू. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्के कमी करतात. त्रास वाढला तर तिथेच थांबतात, घाई करत नाहीत. कधी डॉक्टर लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी सावकाश उतरणारी डायझेपाम देतात. याला महिने लागतात, कधी वर्षही. गोळीचे तुकडे स्वतःच्या अंदाजाने करू नका. आणि गोळी नाही म्हणून मोहाची दारू तर मुळीच नको. गोळीवर दारू घेतली तर श्वासच मंदावतो.

सांगायची लाज वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फुकट आहे. तिथे मराठीत बोलता येते. सध्या कोणती गोळी, किती आणि केव्हापासून घेता, एवढे कागदावर लिहून मगच फोन लावा.