आधी निकाहनामा वाचा, दुपट्टा मग घ्या

"फुफी, दुपट्टा आत्ताच घेऊन टाकू का? लग्न डिसेंबरात आहे, पण तेव्हा गर्दीत मनासारखा मिळत नाही म्हणतात."

भाचीने हे मे महिन्यात विचारलं, लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गादीवर बसून. दुकानदाराने लाल, मरून, डाळिंबी असे सात-आठ दुपट्टे एकावर एक उलगडले होते. तिच्या मनात भरलेला चौदा हजारांचा होता, चारी बाजूंनी जरदोजी केलेला. पैसे मुलाकडचे देणार होते, आपल्याकडे बऱ्याच घरांत रीतच तशी आहे; पसंती तेवढी तिची. मी विचारलं, मेहर किती ठरली? "ते अब्बा आणि त्यांच्याकडचे बघतील." निकाहनामा पाहिलास? "तो काझीसाहेब त्या दिवशी आणतात ना?"

मग आज दुपट्टा घेऊ नकोस, मी म्हणाले. दुकानदाराचं तोंड उतरलं, भाचीचंही. भावाने रात्री फोन करून मला सुनावलं ते वेगळंच.

मी असं का म्हणाले ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या तिचा नाही.

माझा दुपट्टा लग्नाच्या सात महिने आधी आला होता. सासूबाईंनी स्वतः डोक्यावर घालून पाहिला, मिठाई वाटली गेली, आणि दादी म्हणाली, "आता ही त्यांची झाली." तो दुपट्टा अजून आहे, मलमलच्या कपड्यात गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांसकट. लग्नानंतर तीन वर्षांनी मी माहेरी परतले तेव्हा वकीलबाईंनी पहिली गोष्ट मागितली ती निकाहनामा. तो माझ्याकडे नव्हता. आमच्या घरात कुणाकडेच नव्हता. नक्कल मिळवायला दोन महिने गेले, आणि मिळाली तेव्हा मला ती वाचता येईना. मी मराठी शाळेत शिकलेली. घरी दखनी बोलतो, पण उर्दू लिपी मला येत नाही. ज्या कागदावर मी मराठीत सही केली होती, तो मी शेजारच्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेतला.

लग्नाच्या वेळी मला सांगितलं गेलं होतं की मेहर रोख आहे. कागदावर 'मुअज्जल' होतं. आता हे नीट समजून घ्या. उर्दूत ऐकायला जवळजवळ सारखे असे दोन शब्द आहेत. एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा. ऐनवाला मुअज्जल म्हणजे बायकोने मागताच द्यायची मेहर. हमजावाला म्हणजे पुढे ढकललेली, तलाक किंवा मृत्यू झाल्यावर द्यायची. माझ्या कागदात हमजा होता. नवरा नांदवत नव्हता आणि तलाकही देत नव्हता, त्यामुळे मागण्यासारखं काही हातातच नव्हतं. शेवटी मी खुला घेतला आणि रिवाजाप्रमाणे ती मेहरही सोडून दिली.

कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. कदाचित लिहिणाऱ्याने दरवर्षी शेकडो कागदांवर लिहितो तेच सवयीने लिहिलं असेल. पण मी तो कागद आधी वाचला असता, निदान वाचून घेतला असता, तर एका अक्षराबद्दल विचारलं असतं. का वाचला नाही? कारण तो माझ्यासमोर आला तेव्हा मी दुपट्ट्याच्या आत होते. वकील आणि दोन गवाह आले, आत्यांनी डोकं पुढे वाकवलं, कानात नाव आणि रक्कम सांगितली, मी मान हलवली, कुणीतरी पेन हातात दिलं. बाहेर चारशे माणसं बिर्याणीची वाट पाहत होती. अशा वेळी "थांबा, हे काय लिहिलंय?" असं विचारणारी मुलगी मी तरी अजून पाहिलेली नाही.

म्हणून माझा मुद्दा दुपट्टा घालण्याबद्दलचा नाही. आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना वाटतं की तो सोडूनच द्यावा. त्यांचं त्यांच्यापाशी. मला लाल रंग आवडतो. मुसलमान मुलीच्या डोक्यावर काय आहे यावर या देशात गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. तिच्या सहीच्या वर काय लिहिलंय याची चर्चा आपण स्वतःसुद्धा करत नाही. मुद्दा वेळेचा आहे. दुपट्टा घरात आला की बोलणी संपतात. हॉलचा ॲडव्हान्स गेलेला, दावतनामे छापलेले, बरी आलेली. त्यानंतर मुलीने एखादी अट मांडली की ती अट राहत नाही, नखरा होतो. बोलायची वेळ मंगनी आणि दुपट्टा यांच्या मधली, आणि आपण ती दरवेळी खरेदीत घालवतो.

"लग्नाआधी तलाकच्या गोष्टी? बदशगुनी आहे," हे मला भावाने ऐकवलं. निकाह हा करार आहे हे आपण दुसऱ्या धर्माच्या मित्रांना किती अभिमानाने सांगतो! मग करार न वाचता सही करणं कुठलं शगुन? मेहर बायकोला द्या हे कुरआनात सूरह निसाच्या सुरुवातीलाच आहे. तरी आपल्याकडे मेहर पाच हजार एक आणि दुपट्टा चौदा हजारांचा. सुन्नतीचं नाव घेऊन मेहर कमी ठेवणाऱ्यांनी मेहर-ए-फातिमीचा हिशोब करावा. ती सुमारे दीड किलो चांदी भरते. आजच्या भावाने लाखाच्या पुढे जाते. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१४ मध्ये कायद्याचा मसुदा मांडला, त्यात मेहर किमान नवऱ्याच्या एका वर्षाच्या कमाईइतकी असावी असं म्हटलं होतं. तेवढी मागा असं मी म्हणत नाही. निदान आकडा मुलीला विचारून ठरवा.

आणि अटी घालता येतात हे किती जणींना माहीत आहे? पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात अठराव्या रकान्यात सरळ विचारलेलं असतं की नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का. तिथे बऱ्याचदा मुलीला न विचारताच त्यावर काट मारली जाते, म्हणजे नुसता रकाना असून भागत नाही. पण आपल्या पुण्यात किती निकाहनाम्यांत तो रकाना तरी असतो?

माझ्या मते याहून सरळ रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आहे. धर्म बदलावा लागत नाही, निकाहही करता येतो. हमीद दलवाई आणि पुण्याच्या मेहरुन्निसाभाभी यांचा १९५६ मध्ये आधी निकाह झाला आणि साधारण महिन्याभराने त्यांनी याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघायला तेव्हा अजून चौदा वर्षं होती. या कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट लहानशी आहे: लग्न लावताना नवरा-बायकोने एकमेकांना स्वीकारल्याचं वाक्य तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत म्हणायचं असतं. समजणाऱ्या भाषेत. आपल्यासाठी ती मराठी आहे. शिवाय नवऱ्याने पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरतो, आणि वारसा भारतीय वारसा कायद्याने जातो, म्हणजे मुलीला मुलाइतकाच वाटा. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, पत्नी शीना यांच्याशी याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं ते यासाठीच: तीन मुली, मुलगा नाही, आणि शरियतच्या वाटणीत मालमत्तेचा काही भाग त्यांच्या भावांकडे गेला असता. धमक्या आल्या, फतवेवजा विधानं झाली. लग्न झालंच.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे. या कायद्यात नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं. नोटीस ३० दिवस लागलेली राहते, मग लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. (आंतरधर्मीय जोडप्यांना ही जाहीर नोटीस जिवावर बेतू शकते, आणि ती अट जावी असंच माझं मत आहे. आपल्या घरांत ती फार तर मामूंच्या कपाळावर आठी आणते.) म्हणजे डिसेंबरच्या लग्नासाठी ऑक्टोबरच्या मध्यात नोटीस, त्याच्या आधी निकाहनाम्याचा मसुदा देवनागरीत दोन्ही घरांत वाचून झालेला, मेहर आकड्यात आणि अक्षरात, रोख की उधार हे मराठीत लिहिलेलं. आणि नोटीस लागली की दुपट्टा. हाताच्या जरदोजीला कारीगर तीन-चार आठवडे मागतो; नोटिशीचे दिवस आणि त्याचे दिवस बरोबर जुळतात. तयार घ्यायचा तर एक दुपार पुरते.

जी घरं हा कायदा नको म्हणतील त्यांनी निदान निकाहनामा तरी आधी मागवावा. एक कोरी प्रत फोनवर फोटो काढून मिळते. काझीसाहेब देत नसतील तर दुसरे काझीसाहेब शोधा, पुण्यात कमी नाहीत.

गेल्या रविवारी भाचीचा मेसेज आला. होणाऱ्या नवऱ्याने निकाहनाम्याचा फोटो पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं की त्यालाही उर्दू वाचता येत नाही. दोघं मिळून कोंढव्यात कुणाकडून तरी वाचून घेणार आहेत. भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. दुपट्टा दुकानदाराने बाजूला ठेवलाय, पाचशे रुपये बयाणा घेऊन. ते पैसे मी दिले.