न्यायाधीशांच्या नेमणुकीवर आमदारांचे मतदान हवे का?

उल्हासनगर आणि अंबरनाथचे मतदार आपापला आमदार निवडतात, बदलापूरकर मुरबाड मतदारसंघातून. पण कल्याणच्या सत्र न्यायालयात किंवा मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश कोण असावा, यावर या आमदारांना मत नाही. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेतील न्यू जर्सीत मात्र गव्हर्नर नाव सुचवतो आणि राज्याची सिनेट त्याला मंजुरी देते.

आपल्याकडे कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. उच्च न्यायालयासाठी नावे कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळच, सुचवते. यात सरकारलाही स्थान देणारा नियुक्ती आयोग संसदेने 2014 मध्ये आणला. सर्वोच्च न्यायालयाने 16 ऑक्टोबर 2015 रोजी तो 4 विरुद्ध 1 मतांनी रद्द केला.

विधानसभेकडे हा अधिकार गेला तर काय होईल? बदलापूरचेच घ्या. शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणात ऑगस्ट 2024 मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दिरंगाईबद्दल पोलिसांना फटकारले. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हाही सरकारला अडचणीचे प्रश्न याच न्यायालयाने विचारले. सभागृहातील बहुमत सरकारचेच असते. त्याच बहुमताची मंजुरी घेऊन आलेल्या न्यायमूर्तींना हे प्रश्न विचारणे इतके सोपे गेले असते, असे आम्हाला वाटत नाही. न्यू जर्सीतही 2010 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी एका न्यायमूर्तींना पुन्हा नेमण्यास नकार दिला आणि सिनेटने त्यांच्या जागी सुचवलेले नाव कित्येक महिने अडवून धरले.

म्हणून कॉलेजियमचा कारभार ठीक आहे, असे नाही. 28 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांच्या नावाला मंजुरी मिळाली. त्या भाजपच्या माजी प्रवक्त्या असल्याने रोहित पवार यांनी आक्षेप घेतला. पक्षाने त्यांच्या आधीच्या राजीनाम्याकडे बोट दाखवले. कोणाचे बरोबर, हे नागरिकाने कशावरून ठरवायचे? प्रसिद्ध झालेल्या निवेदनात तीन नावे होती, निवडीचे कारण एकही नव्हते. पुढे त्यांची नेमणूकही झाली.

मतदान नको, पण नाव का निवडले, आधीच्या राजकीय संबंधांचा विचार कसा केला, हे दोन परिच्छेदांत लिहून नेमणुकीआधी संकेतस्थळावर टाकायला घटनादुरुस्ती लागत नाही.